बेसमेंटमधला राष्ट्रसंघ

घर तापवणारा फर्नेस वर्षातून पहिल्यांदा लागतो तेव्हा घरभर एक वास सुटतो. उन्हाळाभर पाइपांत साचलेली धूळ भाजल्याचा. काही मिनिटं राहतो आणि विरून जातो. आज सकाळी तो आला. मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली आणि चहा गार झाला.

बाहेर शेजाऱ्यांच्या मेपलनं निम्मी पानं आमच्या ड्राइव्हवेवर टाकली होती. वरून रानबदकांची लांबच लांब माळ कलकलत दक्षिणेकडे निघाली होती. समोरच्या घरातला माणूस शिडीवर चढून पन्हळीतली पानं उपसत होता. त्यानं हात हलवला, मीही हलवला. कॅनडातल्या आमच्या या कनाटात फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम, आला की सगळी माणसं अशी आवराआवरीला लागतात. मागच्या अंगणातल्या खुर्च्या गॅराजमध्ये जातात, पाण्याची नळी गुंडाळून ठेवली जाते, विंटर टायर्ससाठी फोनाफोनी होते. आणि या धांदलीत कुणीतरी म्हणतंच, "यंदा कलर्स काय सुंदर आलेत, नाही?"

दोन वर्षांपूर्वी ते कसे आले होते, मला सांगता येणार नाही. त्या फॉलचं मला आठवतं ते लायब्ररीचं बेसमेंट. करडा गालिचा, घडीच्या खुर्च्या, छतातल्या ट्यूबलाइटची न थांबणारी बारीक गुणगुण, ओल्या कोटांचा वास, त्यात मिसळलेला शैलावहिनींच्या चिवड्याचा वास. आणि समोर उभा असलेला वसंत. त्याचा निळा स्वेटर दर शनिवारी मला थोडा मोठा वाटायचा.

वसंत माझा नवरा. नागपूरच्या कॉलेजातली ओळख, म्हणून लग्नानंतरही आमचं अरे-तुरेच राहिलं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पीएच.डी.साठी इकडे आला, मागोमाग मी आले. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, तो युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवू लागला. त्याचा विषय एकच. राष्ट्रसंघ. पहिलं महायुद्ध संपल्यावर, असं पुन्हा होऊ नये म्हणून जिनिव्हाला उभी केलेली आणि दुसरं महायुद्ध थांबवू न शकलेली ती संस्था. कुणाला सांगितलं की माणूस जरा घुटमळायचा आणि विचारायचा, "म्हणजे युनोच ना?"

"युनोची थोरली बहीण," वसंत म्हणायचा. "लहानपणीच गेली."

या विषयावर त्याचं आणि दामल्यांचं चाळीस वर्षं भांडण चाललं. दामले आमचे जुने स्नेही. पुण्याचे, टेलिकॉममधले इंजिनिअर, इथल्याच टेक पार्कमधून रिटायर झालेले. शनिवारी चहाला यायचे आणि बसल्या बसल्या सुरू व्हायचे. "वसंता, फेल गेलेलं प्रॉडक्ट आहे रे ते. मार्केटमधून परत घेतलेलं. त्याच्यावर अख्खं आयुष्य काढलंस?"

"तू आयुष्यभर फोन बनवलेस दामल्या. त्यातला एक तरी आज वाजतो का?"

असं चालायचं. दामल्यांच्या पत्नी शैलावहिनी आणि मी स्वयंपाकघरात गवार मोडत ऐकायचो. इथे गवार फ्रोझन मिळते, मोडावी लागत नाही. पण वहिनींच्या अंगणात उन्हाळ्यात मूठभर यायची, ती आम्ही दोघी दोन तास पुरवून मोडायचो.

ऑगस्टमध्ये वसंतचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी म्हटलं, उजेड तसा असेल. मग एक दिवस बाथरूमच्या पांढऱ्या दिव्यातही ते पिवळेच दिसले. तपासण्या झाल्या. सगळं आयुष्य लॅबमध्ये गेल्यामुळे रिपोर्टातले आकडे मला वाचता येतात. ते वाचता येणं काही सुखाचं नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती, केस मागे घट्ट बांधलेली. तिनं काही लपवलं नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. केमो घेतली तर थोडे महिने जास्त मिळतील, म्हणाली. पण त्या महिन्यांत अंगात किती बळ राहील, ते सांगता येत नाही.

वसंतनं तिला विचारलं, "मला उभं राहून बोलता येईल का? दर शनिवारी, तासभर?"

तिला कळेना. माझ्याकडे बघायला लागली. मला कळलं.

आमच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांचा एक कट्टा लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये भरतो. बहुतेक वेळा डायबिटीस, मृत्युपत्र, गुडघे असे विषय असतात. वसंतनं त्यांना उन्हाळ्यातच कबूल केलं होतं की फॉलमध्ये राष्ट्रसंघावर दहा व्याख्यानं देईन. मराठीत. सगळी उमर त्यानं हा विषय इंग्रजीत शिकवला. पेपर इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत. गाडीत घरी येताना तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एकदा आपल्या भाषेत सगळं सांगून बघायचंय. मला स्वतःला ते कसं ऐकू येतं ते बघायचंय."

"आणि मी?" मी म्हटलं. "मला ते थोडे महिने हवेत, वसंत."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. इथे सहसा कुणी हॉर्न देत नाही, त्यामुळे तो फार मोठा वाटला. वसंतनं माझ्या मनगटावर हात ठेवला. केमोला तो नाहीच म्हणाला.

अनघाला आम्ही त्याच संध्याकाळी कळवलं. अनघा आमची एकुलती एक मुलगी. व्हँकुव्हरला सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत काम करते. जन्म इथला. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, घरी इंग्रजी बोला म्हणजे पोर मागे पडणार नाही. त्या काळी सगळ्यांनाच तसं सांगत. तिच्या मैत्रिणी तिला ॲना म्हणायच्या. घरातलं रोजचं मराठी तिला कानावरून कळतं, पण तोंडातून बहुतेक इंग्रजीच येतं, आणि जरा अवघड वाक्य आलं की कळणंही थांबतं. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाली, "तर डॅड, तू आमच्यापेक्षा त्या डेड ऑर्गनायझेशनला निवडतोयस. फाइन."

वसंत तिला समजावायला लागला. त्याचं इंग्रजी फार नेटकं होतं, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. अशा वेळी ते आणखी नेटकं व्हायचं. ते ऐकून ती आणखी चिडली. फोन बंद झाल्यावर तो म्हणाला, "तिच्याशी बोलताना मी नेहमी कमिटीसमोर बसल्यासारखाच बोलतो, नाही?"

पहिलं व्याख्यान सप्टेंबरमधल्या एका उबदार शनिवारी झालं. मला वाटलं होतं सात-आठ माणसं येतील. खुर्च्या कमी पडल्या. बरेचसे वसंतला निरोप द्यायच्या हिशेबानं आले होते, हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. सगळ्यांनी आवाज खाली ठेवले होते. वसंतनं एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "इतके गंभीर होऊ नका. मेला तो राष्ट्रसंघ. मी अजून आहे."

मग त्यानं सुरुवात केली. युद्धात किती पोरं मेली, खंदकांत काय झालं, ते थोडक्यात. मग ते युद्ध चालू असतानाच काही लोकांच्या डोक्यात येऊ लागलेला विचार. दोन देशांचं भांडण जुंपलं की तिसऱ्यानं मध्ये पडून दोघांना बसवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, डोकी गार होऊ द्यायची. "एवढीच आयडिया," तो म्हणाला. "आपल्याकडे दोन भावांत बिनसलं की मामा काय करतो? तेच. फक्त मामाला ऑफिस दिलं."

मी पाठीमागून दुसऱ्या रांगेत बसले होते. ज्या माणसाबरोबर पन्नास वर्षं राहिले, तो पुढे उभा राहून हातवारे करत होता आणि लोक हसत होते. त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या लेक्चरला मी काही वेळा गेले होते. तिथे तो चांगला होता, अभ्यासू होता, घड्याळ बघून बोलायचा. हा कुणीतरी दुसराच. नागपूरच्या कॉलेजच्या कॅन्टीनमधला. मला वाटलं होतं तो विमानात बसला तेव्हाच मागे राहिला.

संस्थेची रचना त्यानं दुसऱ्या शनिवारी सांगितली, तीही आमच्या मंडळावरून. सगळे सभासद देश वर्षातून एकदा जमायचे, ती आमसभा. म्हणजे आपली जनरल बॉडी. भाषणं पुष्कळ, जेवण चांगलं. मग मोजक्या देशांची परिषद, म्हणजे आपली कार्यकारिणी. तिथे बलाढ्य देशांना कायमच्या खुर्च्या, बाकीच्यांना आलटून पालटून. आणि तिसरं सचिवालय. निरनिराळ्या देशांतली माणसं पगारावर ठेवलेली, आपल्या देशाचं नाही तर संस्थेचं काम करायला बांधलेली. जगात तसं आधी कधी झालं नव्हतं. "आणि या तिघांत काम कोण करायचं?" त्यानं विचारलं. मागून आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी बाईंनी हात वर केला आणि हशा पिकला.

निर्णय मात्र एकमतानं. एक जरी नाही म्हणाला तरी अडलं. "कल्पना करा, गणपतीच्या जेवणाला श्रीखंड की बासुंदी, यावर सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत." दामले ओरडले, "म्हणूनच उपाशी मेले सगळे!" वसंत म्हणाला, "नाही दामल्या. पुष्कळदा जेवले. ते कुणी लिहून ठेवत नाही." आणि त्यानं लढाई टळलेल्या बेटांबद्दल सांगितलं, युद्धकैद्यांना घरी पोचवण्याबद्दल सांगितलं, ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणेना अशा निर्वासितांसाठी काढलेल्या पासपोर्टबद्दल सांगितलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये एक जुना निळा भारतीय पासपोर्ट आहे, कोपरा कापून रद्द केलेला. तो कुणी टाकून देत नाही.

एका व्याख्यानात त्यानं सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या आमसभेत कॅनडाचा एक प्रतिनिधी म्हणाला होता, की आम्ही आग न लागणाऱ्या घरात राहतो. पेट घेईल असं सगळं आमच्यापासून फार लांब आहे. त्या अर्थाचं काहीतरी. वसंतनं ते हसत सांगितलं. पण आजही भांडी धुताना मध्येच मला ते ऐकू येतं. आम्हीसुद्धा असंच समजत होतो. बर्फ पडायचा, फर्नेस चालायचा, पेन्शन यायची, फ्रीजमध्ये दूध असायचं. तिकडच्या मरणाच्या बातम्या नागपूरहून यायच्या, फोनवर, लांबून. आई गेली तेव्हा मी ओव्हनमधून केक काढत होते. रडले, पण मागे खिडकीत पांढरंशुभ्र, शांत अंगण होतं. त्यानं धीर यायचा. पेटणारं सगळं तिकडे आहे, समुद्रापलीकडे, असं वाटायचं.

ऑक्टोबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला अनघा आली. एअरपोर्टवर बापाला बघितलं आणि तिनं चेहरा फिरवला, सामानाच्या पट्ट्याकडे. घरी येईपर्यंत हवेबद्दल बोलत होती. शनिवारी सकाळी मी म्हटलं, चल आमच्याबरोबर. ती म्हणाली, मला काय कळणार आहे त्यातलं? पण आली. अगदी शेवटच्या खुर्चीवर बसली, कोट न काढता.

त्या दिवशी विषय होता अमेरिका. ज्या अमेरिकन अध्यक्षानं हा संघ मनात आणला, हट्टानं तहात घातला, त्याच्याच देशानं सभासद व्हायला नकार दिला. तो लोकांना समजावायला रेल्वेनं देशभर फिरला, प्रत्येक गावात बोलला, शेवटी वाटेतच कोसळला आणि नंतर अर्धांगानं खोलीत पडून राहिला. हे सांगण्यासाठी वसंतनं समोर पाच खुर्च्या मांडल्या होत्या. चौघांना पुढे बोलावून बसवलं. तू इंग्लंड, तू फ्रान्स, तू इटली, तू जपान. पाचवी रिकामी. "ही अमेरिकेची," तो म्हणाला. "शेवटपर्यंत रिकामी राहिली. ज्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं, त्याच्याच घरच्यांनी दार लावून घेतलं." मग तो थोडा थांबला. दम लागला होता. त्या रिकाम्या खुर्चीवर हात टेकून उभा राहिला.

तेवढ्यात दार उघडलं आणि शैलावहिनी आत आल्या. एका हातात चिवड्याचा डबा, दुसऱ्या हातात छत्री. पार्किंग मिळालं नव्हतं. "सॉरी हं, सॉरी," म्हणत त्या वाकून सगळ्यांच्या पुढून आल्या आणि समोर एकच खुर्ची मोकळी दिसली म्हणून थेट तिच्यावर बसल्या.

वसंतनं त्यांच्याकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाला, "वहिनी, पार्किंग वेळेवर मिळालं असतं तर दुसरं महायुद्ध टळलं असतं."

काय हसले लोक! दामले डोळे पुसत होते. इंग्लंडला ठसका लागला. वहिनींना काहीच माहीत नव्हतं, त्या गोंधळून डबा उघडून फ्रान्सला चिवडा द्यायला लागल्या, तर हसू आणखी वाढलं. मी मागे वळून बघितलं. अनघा हसत नव्हती. तिला शब्द कळले नव्हते. ती पुढे वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, आपल्या बापाकडे बघत होती. गर्दीत कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं वाटावं आणि खात्री पटू नये, तसं.

घरी आल्यावर ती माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. "आई, ही इज फनी? बाबा फनी आहे?"

"आहे ना."

"नो वन टोल्ड मी," ती म्हणाली. "थर्टी-एट इयर्स, आणि मला कुणी सांगितलं नाही." आणि फ्रीजला टेकून रडायला लागली. लहानपणापासून ती त्याला डॅड म्हणायची. त्या दिवसापासून ती बाबा म्हणू लागली. सोमवारी तिचं परतीचं विमान होतं. तिनं ते रद्द केलं, कंपनीकडून रजा घेतली आणि आमच्या घराच्या बेसमेंटमधल्या तिच्या जुन्या खोलीत राहायला आली.

मग ते दिवस. ते वेगळे काढून सांगता येत नाहीत. भाताच्या पेजेचा वास. औषधांचा पट्टा दाबल्यावर होणारा टक् आवाज. बाप-लेक सोफ्यावर एका ब्लँकेटखाली, ती काहीतरी इंग्रजीत विचारतेय, तो मराठीत सुरुवात करून मध्येच इंग्रजीवर येतोय. तिला त्यातला विनोद हवा असायचा. "नो, बाबा, से द फनी पार्ट." तो सांगायचा. इंग्रजीत तो विनोद हातातच विरघळायचा. दोघं एकमेकांकडे बघायचे आणि मग त्या फजितीलाच हसायचे. पुढे पुढे ती शनिवारी पहिल्या रांगेत बसायची. लोक हसले की हसायची. क्षणभर उशिरा.

नोव्हेंबरमध्ये शेजारच्या देशात निवडणूक झाली. त्या आठवड्यात जो तो त्याबद्दलच बोलत होता. बेसमेंटमध्येही लोकांना तेच बोलायचं होतं. सगळ्यांच्या कोटांवर लाल पॉपीची फुलं अजून टोचलेली होती, आदल्याच दिवशी युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन होऊन गेला होता. वसंत व्हीलचेअरमध्ये होता. म्हणाला, "आज अबिसिनिया." बाकी काही नाही.

इटलीनं हल्ला केला. अबिसिनिया हा देशही संघाचा सभासद होता. त्यानं संघाकडे दाद मागितली. संघानं इटलीशी व्यापार बंद केला, पण तेल तेवढं चालू ठेवलं. रणगाडे कशावर चालतात, वसंतनं विचारलं. मग तो देश गेला आणि त्या देशाचा सम्राट स्वतः जिनिव्हाला आला. आमसभेसमोर उभा राहिला. तो बोलायला लागला तेव्हा वरच्या गॅलरीतून इटलीचे काही पत्रकार शिट्ट्या मारायला लागले. सम्राट थांबला. गप्प उभा राहिला. त्यांना बाहेर काढेपर्यंत तसाच उभा राहिला. मग आपल्या भाषेत बोलला, इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये नाही.

हे सांगताना वसंत खुर्चीचे हात धरून उठला. मी पुढे धावले, अनघाही धावली. त्यानं मान हलवून दोघींना थांबवलं. "तो बसून बोलला नाही," म्हणाला. आणि तास संपेपर्यंत उभा राहिला. पँट वाऱ्यावर हलावी तशी हलत होती. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते आणि दुसरीकडेही बघू शकत नव्हते. मला त्या क्षणी त्या सम्राटाचा, जिनिव्हाचा, सगळ्या राष्ट्रांचा राग आला. हा माणूस माझा होता. त्याच्यात जे थोडं बळ उरलं होतं, ते माझं होतं. पण तो उभा होता, आणि इतका सुंदर तो मला कधी दिसला नव्हता.

दहावं व्याख्यान झालं नाही. पुढच्याच आठवड्यात हॉलमध्ये खिडकीशी हॉस्पिटलचा पलंग आला. घरी येणारी नर्स शांत बाई होती, मॉन्ट्रियलची, इंग्रजीत फ्रेंच हेल काढून बोलायची. शनिवारी चहाच्या वेळेला दामले आले. नेहमीसारखे बूट काढून, मोजे सावरत आत आले आणि पलंगाजवळ बसले. मग त्यांनी वसंतचा हात धरला. "तुझं बरोबर होतं रे वसंता. फेल नव्हता गेला तो. मी उगीच वाद घालत राहिलो."

वसंतनं डोळे उघडले. "तू मान्य केलंस," तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझं काही खरं नाही."

दामले हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. ते उठून पोर्चमध्ये गेले. थंडीत, नुसत्या मोज्यांवर. मी काचेतून बघत होते. ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आता ते अधूनमधून येतात, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून देतात, चहा घेतात. राष्ट्रसंघाचं नाव काढत नाहीत. मी एकदा मुद्दाम काढलं, तर म्हणाले, "जाऊ दे वहिनी. वाद घालायला समोर कुणी लागतं."

दामले भेटून गेल्यानंतरच्या दिवसांत वसंतचं इंग्रजी गेलं. औषधांमुळे असेल, थकव्यामुळे असेल. नर्सशीही तो मराठीत बोलायचा आणि ती फ्रेंचमध्ये "वुई, वुई", हो हो, म्हणत उशी सरळ करायची. एके दुपारी बाहेर बर्फ भुरभुरत होता, खाली साचत नव्हता. अनघा पलंगाच्या कडेला खुर्ची घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, लास्ट लेक्चर राहिलंय. मला सांग. जस्ट मी."

मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. पण त्यानं घसा साफ केला. आणि मराठीत बोलू लागला. तुटक, पण वाक्यं पुरी करत.

युद्ध संपलं होतं, तो म्हणाला. जिनिव्हात वसंत ऋतू होता. संघासाठी बांधलेली मोठी इमारत तशीच होती. ती बांधून झाली तोवर संघ खचलाच होता. तिथे सगळे शेवटचे जमले. काही जण पहिल्या सभेलाही होते, तेव्हा तरुण होते. नवीन संस्था तयार झाली होती. तिला इमारत द्यायची, पुस्तकं द्यायची, चालू असलेली कामं द्यायची. मग मत घेतलं, संघ बंद करायचा का? "कुणी नाही म्हणालं नाही," वसंत म्हणाला. "शेवटचा निर्णयही एकमतानं. भांडले नाहीत. आवरून, किल्ल्या देऊन गेले." थोडा थांबला. "काही जण दारात उगीच उभे राहिले. कुठे जायचं ते कळेना. असं मला वाटतं. कागदांत नाहीये ते."

अनघा मान हलवत होती. "हो, बाबा. हो." तिला किती कळलं, मला माहीत नाही. मी भाषांतर करायला पुढे झाले, तर तिनं माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"काही प्रश्न?" वसंत म्हणाला.

"हो, बाबा."

तो थांबला. भुवया किंचित वर. त्या चेहऱ्यावर मोठी उत्सुकता आली. अनघाला कळलंच नव्हतं की तिला काही विचारलंय. ती तशीच मान हलवत राहिली. तो वाट बघत राहिला. मला ते सहन होईना. मी तिच्या कानाशी वाकले. "तो विचारतोय, तुझा प्रश्न काय आहे."

ती गोंधळली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग, लहानपणी ती पडली की तिचा गुडघा फुंकताना मी जे विचारायचे, तेच तिच्या तोंडून आलं, लहान मुलाच्या उच्चारात.

"बाबा, दुखतं का?"

वसंतनं त्यावर विचार केला. घाई केली नाही.

"चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला, आणि उत्तर जुळवायला त्यानं डोळे मिटले. अनघानं खुर्ची पुढे ओढली. आम्ही दोघी वाट बघत बसलो.